उसाचं बिल आणि मोबाईलवरचा आकडा



आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, खताच्या मात्रा, तोडणीचा कार्यक्रम असे विषय येतात आणि ते यायलाच पाहिजेत. जुगाराच्या जाहिरातीचा विषय इथे कशाला, असे काही मंडळींना वाटेल. पण उसाच्या बिलातून घरात खरोखर किती राहते याचा हिशेब मांडताना आपण सोसायटीची वसुली धरतो, पाणीपट्टी धरतो, तोडणीवाल्याची खुशालीसुद्धा धरतो. तसे आता आणखी एक खाते धरावे लागत आहे. ते कुणाच्या वहीत दिसत नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत नसते आणि पुष्कळदा घरच्या कर्त्या माणसालाही माहीत नसते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे टनाला ३,५५० रुपये, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा. आडसाली ऊस म्हटला की दीड वर्ष रानात उभा. हुमणी, पावसाचा खंड, रात्रीची वीज, सगळे सोसून जी रक्कम बँकेत जमा होते, तिचा मेसेज हल्ली मालकाच्या मोबाईलवर येत नाही. तो पोराच्या किंवा नातवाच्या मोबाईलवर येतो. आपल्यातल्या साठीच्या पुढच्या किती सभासदांना स्वतःच्या खात्याचा पिन माहीत आहे, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. गोष्ट सोयीची आहे, मी नाही म्हणत नाही. पण दाराची किल्ली अशी घरातल्या सर्वांत लहान हाती गेली आहे, एवढे ध्यानात असू द्या.

आमच्या भागातल्या एका सभासदाचे सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, त्याची गरज नाही. पहिला हप्ता जमा झाला म्हणून खत आणायला गेले, तर खात्यावर दोन हजारही नव्हते. बँकेची चूक असेल म्हणून भांडले. साहेबांनी उतारा काढून दिला तेव्हा कळले. आधी एकोणपन्नास रुपये, मग नव्याण्णव, मग पाचशे, आणि शेवटच्या आठवड्यात एका रात्रीत चार-चार वेळा पाच-पाच हजार. पोरगा काही वाईट वळणाचा नाही, सुपारीचे खांड खात नाही. त्याचे म्हणणे एकच, "गेलेले परत आले की थांबणार होतो." वडील मला म्हणाले, "दारू पिऊन आला असता तर निदान वास तरी आला असता. ह्याचं काही कळलंच नाही बघा."

हा वास न येण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि जाहिरातीचा संबंध तिथेच येतो.

जुगार आपल्याकडे नवा नाही. जुन्या मंडळींना मटका चांगला आठवत असेल. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचे भाव उघडताना आणि बंद होताना जे आकडे फुटत, त्यावर मुंबईत पैसे लावले जात. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. (पिकवणाऱ्याला भाव मिळो न मिळो, त्याच्या भावावर आकडा लावणाऱ्यांची कधीच कमतरता नव्हती.) तो मार्ग बंद झाल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी मुंबईत आपापला मटका सुरू केला. तिथून तो कापड गिरण्यांच्या चाळीत गेला आणि गिरणीत कामाला गेलेल्या आपल्याच माणसांबरोबर कोकण-घाटावरच्या गावोगाव आला. हिशेब अगदी सरळ. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एकेरी आकडा लागला तर एकास नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा, दहा जातील आणि नऊ येतील. रोज हेच करत राहिले तर रुपया कुठे मुरतो हे सांगायला गणिताचा मास्तर नको. सरकारने १२ एप्रिल १९६९ रोजी राज्य लॉटरी काढली. मटक्याकडे जाणारा पैसा इकडे वळेल, असे तेव्हा बोलले जाई. मटका काही थांबला नाही. लोक दोन्हीकडे पैसे लावू लागले.

तरीपण मटक्याला एक मर्यादा होती. त्याला जाहिरात करता येत नव्हती. आकडा घेणारा टपरीमागे बसायचा. चिठ्ठी मुठीत लपवायची. पोलीस दिसला की तोंडात टाकून गिळायची. आकडा लावणारा माणूस गावात मान खाली घालून चालायचा, मुलीच्या सोयरिकीच्या वेळी "त्यांच्यात आकड्याचा नाद आहे" एवढे वाक्य पुरे व्हायचे. लाजेचे हे कुंपण काटेरी होते, त्याने पुष्कळांना ओरबाडले असेल, पण पुष्कळांची रानं राखली हेही खरे. कायद्याने जे झाले नाही ते थोडेफार लाजेने झाले. गेल्या दहा-बारा वर्षांत जाहिरातीने काय केले म्हणाल, तर नेमके हे कुंपण उपटले.

कायदा तसा जुनाच आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. पारावर चार माणसे पत्ते घेऊन बसली तर पोलीस धाड घालतात, पटावरची रक्कम जप्त करतात आणि दुसऱ्या दिवशी नावानिशी बातमी येते. स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्रांतून शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे पेव फुटले. बंगळूरला छापलेल्या एका पत्रातून अशी कोडी मुंबई राज्यात येत आणि प्रवेश फीचा पैसा इथून तिकडे जाई. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५७ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यापाराला घटनेने दिलेले संरक्षण त्याला मिळणार नाही. त्याच्या आधी १९५५ सालीच केंद्राने कायदा करून अशा स्पर्धांना महिन्याला हजार रुपये बक्षिसाची मर्यादा घातली होती. त्या काळच्या राज्यकर्त्यांना शब्दकोड्यातला धोका दिसला होता, हे विशेष.

पण कायद्याला एक खिडकी होती. ज्या खेळात नशिबापेक्षा कौशल्य जास्त, तो जुगार नव्हे. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले. त्याच निकालात असेही होते की खेळवणारा त्यातून नफा काढत असेल किंवा अन्य प्रकारे जुगार चालत असेल तर गुन्हा होऊ शकतो. पुढे कंपन्यांनी यातले पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोडले. २०१७ साली क्रिकेटचे संघ लावण्याच्या खेळालाही पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ मानले. झाले! त्या एका खिडकीतून आख्खा बैलगाडा आत आला.

मग जे पैसे ओतले गेले त्याचा आपल्या भाषेत हिशेब करू. २०२० च्या आयपीएल स्पर्धेला नाव देण्यासाठी ड्रीम इलेव्हन कंपनीने २२२ कोटी रुपये मोजले. २०२३ साली भारतीय संघाच्या शर्टावर नाव यावे म्हणून तीन वर्षांसाठी ३५८ कोटींचा करार झाला. ३५८ कोटी म्हणजे ३,५५० रुपये दराने जवळजवळ दहा लाख टन उसाचे पैसे. दिवसाला पाच हजार टन गाळणारा कारखाना एकही दिवस बंद न पडता दोनशे दिवस चालेल तेव्हा एवढा ऊस गळतो. हा पैसा कंपनीने काही रानात पिकवला नव्हता. जमलेल्या फीमधून आधी आपला वाटा कापून उरलेले बक्षीस वाटायचे, असा हा धंदा. म्हणजे आपल्या पोरांच्या एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपयांतूनच शर्टावरचे ते नाव छापले गेले आणि ते नाव बघून पुढची पोरे आली.

नियम नव्हते असे नाही. जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने डिसेंबर २०२० पासून नियम लावले. अठरा वर्षांखालचे कुणी दाखवू नये, हा उत्पन्नाचा मार्ग आहे असे भासवू नये, आर्थिक जोखमीची आणि सवय लागण्याची सूचना छापील जाहिरातीच्या वीस टक्के जागेत द्यावी, आणि ऐकू येणाऱ्या जाहिरातीत ती नेहमीच्या बोलण्याच्या वेगात सांगावी. कागदावर नियम चोख. प्रत्यक्षात टीव्हीवर ती सूचना आपण कशी ऐकली? मंगलाष्टके संपवायची घाई झालेल्या भटजीसारखी, एका दमात. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, विक्रेत्याला परवाना लागतो, तरी आपण पोरांना त्याला हात लावू देत नाही. इथे लाल त्रिकोण बारीक अक्षरात आणि डब्यावर मात्र देशाच्या लाडक्या खेळाडूचा हसरा फोटो. २०२३ च्या ऑगस्टअखेर त्या वेळचे आमदार बच्चू कडू यांनी सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले, अशा जाहिराती सोडा नाहीतर भारतरत्न परत करा म्हणाले. त्यांची पद्धत कुणाला पटो न पटो, प्रश्न चुकीचा नव्हता. ज्याच्या शतकासाठी आपण मोटार बंद करून रेडिओला कान लावला, त्याने सांगितल्यावर पोरगे ऐकणार की बापाचे?

आणि जाहिरात फक्त पैसे देऊनच होते असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला अशा खेळात दीड कोटी लागले आणि पुढे त्यांना निलंबित करण्यात आले. निलंबनाचे लोक विसरले, दीड कोटी प्रत्येक चावडीवर पाठ झाले. जिंकलेल्या एकाची बातमी होते, हरलेल्यांची होत नाही. वर्तमानपत्रांनी याचा विचार करायला हवा होता. २०२५ च्या जुलैमध्ये तर राज्याच्या त्या वेळच्या कृषिमंत्र्यांचा विधान परिषदेत मोबाईलवर रमी असतानाचा व्हिडिओ फिरला. मी खेळत नव्हतो, ती जाहिरात होती आणि मी ती घालवत होतो, असे त्यांनी सांगितले. पुढे कृषी खाते जाऊन त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. त्या राजकारणात या पत्रिकेने पडू नये. पण त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मानले, तरी सभागृहात बसलेल्या मंत्र्याच्या मोबाईलवर जी जाहिरात न बोलावता येते, ती खोडव्याला पाणी देत बांधावर बसलेल्या पोराच्या मोबाईलवर किती वेळा येत असेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांबाबतचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब हा वादच त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे मला पूर्ण पटते, कारण लुबाडल्या गेलेल्या माणसाला पुन्हा कचेरीत उभे करण्यात काय हशील? देशात सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दर वर्षी २०,००० कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज त्या वेळी पुढे आला. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, शर्टावरचे नाव गेले. कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिले आणि ती प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतली.

आता पारावर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, झाली की बंदी, आता कशाला गळा काढता? दुसरा म्हणतो, बंदीने काय होतं, मटका बंद झाला का? पहिल्याला सांगायचे ते असे की देशाबाहेरून चालणारे सट्ट्याचे धंदे आपल्या कायद्याला भीक घालत नाहीत. ते खेळाच्या बातम्या देण्याच्या मिषाने त्याच नावाची जाहिरात करतात, हे माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ सालीच लेखी बजावले होते. दारूच्या कंपन्या सोडा आणि कॅसेटी विकण्याच्या नावाखाली हेच करत आल्या, धडा तिथूनच घेतलेला आहे. (कुणी म्हणेल, आसवनीवर चालणाऱ्या कारखान्याच्या पत्रिकेत हा उपदेश! टोमणा रास्त आहे, मी तो खिशात घालतो. पण दारूची उघड जाहिरात टीव्हीवर चालत नाही, एवढा तरी फरक ठेवा.)

दुसऱ्याचे म्हणणे जास्त वजनाचे आहे. बंदीने नाद सुटत नाही, हे मटक्याने दाखवले. पण बंदीने जाहिरात थांबते आणि लाजेला पुन्हा जागा मिळते, हेही मटक्यानेच दाखवले. नाद असलेला माणूस आकडा शोधत जाईल. ज्याला नाद नाही, त्याच्या उशाशी येऊन आकडा त्याला उठवणार नाही. ज्या देशांनी आधी मोकळीक दिली ते आता हेच करत आहेत. इंग्लंडने २००५ च्या कायद्याने टीव्हीवरच्या जाहिरातीला दार उघडले, २०१९ पासून दिवसाच्या सामन्यांच्या वेळी सट्ट्याच्या जाहिराती बंद केल्या, आणि तिथल्या फुटबॉल क्लबांनी २०२३ साली ठरवले की २०२५-२६ च्या हंगामानंतर शर्टाच्या पुढच्या बाजूला सट्टेवाल्याचे नाव घ्यायचे नाही. इटलीने तर २०१८ साली सगळ्या जाहिरातीवरच बंदी घातली.

सरकारला कर मिळत होता, असेही ऐकतो. मिळत होता. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता. पण तो कर आपल्या पोराच्या खिशातूनच जात होता ना? चोराने नेलेल्या पोत्यातून पायलीभर धान्य चावडीला दिले, म्हणून घरमालकाने आनंद मानायचा का?

मला या धंद्यात सर्वांत खटकते ते वेगळेच. दहा हजार माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, ही कल्पना आपली आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेला कारखाना उभा केला तो असाच, शेतकऱ्यांच्या भागाच्या रकमा गोळा करून. आपलाही असाच झाला. शेअरची रक्कम भरायला घरातले दागिने मोडलेले सभासद अजून हयात आहेत. त्यांच्याही मनात शंका होतीच की हा पैसा परत येतो की नाही. तिथे दहा हजारांचे पैसे जमले आणि दहा हजारांचा ऊस गेला. इथे दहा हजारांचे पैसे जमतात, मालक आपले काढून घेतो, एकाला गाडी मिळते आणि बाकीचे उद्या परत यावेत म्हणून त्या एकाचा फोटो लावतात.

तेव्हा कारखान्याच्या पातळीवर काही करता येईल का? मला वाटते, येईल, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रात जत्रेच्या सुमारास गावोगाव क्रिकेटचे सामने होतात. कारखाना कुठे ढाल देतो, कुठे रोख रक्कम देतो, मैदानाला पाण्याचा टँकर देतो. मागच्या काही वर्षांत या मैदानांवर पैशाच्या खेळांचे फलक दिसले. यापुढे असा फलक किंवा त्या नावाची टोपी, टी-शर्ट असेल तर कारखान्याची मदत नाही, असा साधा नियम संचालक मंडळाने करावा. फलक लावणाऱ्या मंडळांचा राग येईल. येऊ द्या.

दुसरे, बिलाच्या मेसेजचे. ज्याच्या नावावर शेअर आणि ऊस, त्याच्याच मोबाईलवर मेसेज गेला पाहिजे. गट ऑफिसात नोंद बदलून घेण्याची सोय करावी, आणि बिल जमा झाल्याची यादी पूर्वीसारखी फलकावर लावावी म्हणजे मोबाईल नसलेल्यालाही तारीख कळेल. तोडणी मजुरांच्या कोप्यांवरही रात्री हेच चालते, ते उचल घेऊन आलेले लोक, हरले तर त्यांना पळून जायलाही जागा नाही. त्यांच्या मुकादमांशी शेतकी खात्याने बोलावे.

आणि एक गोष्ट तातडीची. "तुझे बँक खाते दे, महिन्याला कमिशन देतो," असे म्हणणारी माणसे तालुक्यात फिरतात. सट्ट्याचा पैसा फिरवायला त्यांना अशी भाड्याची खाती लागतात. पुढे तपास लागतो तेव्हा पोलीस खाते गोठवतात. ते खाते उसाच्या बिलाचे असेल तर बिलही त्यातच अडकते. मग कारखान्याकडे येऊन उपयोग नाही, कारण कारखान्याने पैसे कधीच भरलेले असतात. पोरांना हे आजच सांगा.

वरच्या पहिल्या दोन गोष्टींचा ठराव मी वार्षिक साधारण सभेसाठी लेखी देत आहे. सूचक म्हणून माझी सही आहे, अनुमोदक हवे आहेत. कागद गट ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना पटत असेल त्यांनी सभासद क्रमांकासह सही करावी, आणि पटत नसेल त्यांनी सभेत उठून बोलावे, चहापाण्यानंतर मागच्या रांगेत नव्हे.

– एक ऊस उत्पादक सभासद